दुसरी बाजू ऐकून घेण्याचा तास

शाळांकडून येणारे निमंत्रण बहुधा ठरावीक साच्याचे असते. "आमच्या वरच्या वर्गांतील मुलांना तासभर कायद्याची माहिती द्या" असे सांगितले जाते आणि पाठोपाठ विषयांची यादी येते: वाहतुकीचे नियम, सायबर गुन्हे, अमली पदार्थ, छेडछाड, मारामारी. यादी संपली की मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक आवाज थोडा खाली आणून एक वाक्य जोडतात, "जरा जरब बसली पाहिजे, बाकी तुम्ही जाणताच." वकिली सांभाळून मी बरीच वर्षे अशा उपक्रमांत शिकवते आहे आणि या शेवटच्या वाक्याशी माझे कायमचे भांडण आहे. जरब बसवणे हे कायद्याचे एक काम असेलही, पण कायद्याच्या शिक्षणाचे ते काम नव्हे. शिवाय एका तासात पाच विषय उरकायचे म्हटले की हाती उरतात ते कलमांचे आकडे आणि शिक्षेची वर्षे, आणि तीदेखील दुसऱ्या दिवशीच्या मधल्या सुट्टीपर्यंत मुलांच्या डोक्यात टिकत नाहीत.

मला विचाराल तर अशा उपक्रमांतून मुलांच्या अंगी एक रीत मुरली तरी पुष्कळ झाले. निर्णय ज्याच्या विरुद्ध जाणार आहे त्याचे म्हणणे आधी ऐकावे लागते, पुरावा तपासावा लागतो, आणि दिलेल्या निर्णयाची कारणे सांगावी लागतात. कलमे बदलतात, जुने कायदे रद्द होतात, दंडाच्या रकमा वाढतात. शाळेत पाठ केलेला तपशील मूल सज्ञान होईपर्यंत शिळा झालेला असण्याचीच शक्यता जास्त. ही रीत मात्र दिवाणी असो वा फौजदारी, शाळेची शिस्त समिती असो वा कारखान्यातील चौकशी, सगळीकडे लागू पडते.

कायदेविषयक शिक्षण स्वतंत्र चळवळ म्हणून नावारूपाला आले ते अमेरिकेत. 1971 मध्ये अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने तरुणांच्या नागरिकत्वाच्या शिक्षणासाठी खास समिती नेमली. 1972 मध्ये वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातील विधी शाखेचे विद्यार्थी शहरातील दोन सरकारी हायस्कुलांत जाऊन शिकवू लागले आणि तो उपक्रम 'स्ट्रीट लॉ' या नावाने ओळखला जाऊ लागला. 1978 मध्ये तर तेथील काँग्रेसने, म्हणजे संसदेने, या शिक्षणासाठी वेगळा कायदाच केला. त्यातील व्याख्येचा आशय मला आजही पटतो: जे वकील नाहीत त्यांना कायदा, कायद्याची प्रक्रिया आणि न्यायव्यवस्था यांविषयी ज्ञान व कौशल्ये द्यायची, आणि ज्या मूलभूत तत्त्वांवर व मूल्यांवर हा सगळा डोलारा उभा आहे तीही समजावून द्यायची. या व्याख्येत माहितीच्या जोडीला कौशल्ये आली आहेत, हे महत्त्वाचे. करारनामा वाचता येणे, तक्रार लिहिता येणे, साक्षीदाराला नेमका प्रश्न विचारता येणे, आपले म्हणणे न चिडता मांडता येणे ही कौशल्ये आहेत, आणि कौशल्य व्याख्यान ऐकून येत नाही.

जॉर्जटाउनच्या त्या विद्यार्थ्यांनी निवडलेले विषयही व्यवहारातले होते. घर भाड्याने घेताना काय पाहावे, हप्त्यावर घेतलेली वस्तू बिघडली तर कोणाला धरावे, पोलिसांनी अडवले तर काय बोलावे आणि काय बोलू नये, नोकरीवरून काढले तर दाद कोठे मागावी, असे प्रश्न घेऊन ते वर्गात जात. या पद्धतीत शिकवणाऱ्याचाही फायदा होतो, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला 'प्रथमदर्शनी पुरावा' म्हणजे काय हे चौदा वर्षांच्या मुलाला एका वाक्यात सांगावे लागले, की त्याला स्वतःला ते कितपत कळले आहे याचा तत्काळ निकाल लागतो. जिल्हा न्यायालयात सराईतपणे युक्तिवाद करणारे माझे काही सहकारी सातवीच्या वर्गात घामाघूम झालेले मी पाहिले आहेत.

वर्गात प्रत्यक्ष काय घडते ते सांगितल्याशिवाय या बोलण्याला अर्थ नाही, म्हणून एका तासिकेचे वर्णन थोडे सविस्तर करते. फळ्यावर मी एकच ओळ लिहिते: 'उद्यानात वाहने आणण्यास मनाई आहे.' हा नमुना माझा नाही. ब्रिटिश विधितत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी 1958 मध्ये तो मांडला आणि तेव्हापासून जगभरच्या विधी महाविद्यालयांत व शाळांत तो वापरला जातो. ओळ लिहून झाली की मुलांना विचारायचे, मोटार चालेल का? सगळा वर्ग एका सुरात "नाही" म्हणतो. सायकल? येथे वर्गाची दोन शकले होतात. लहान मुलाची पायडल मारायची खेळण्यातली गाडी? चाकांची खुर्ची? बाकावर कोणी बेशुद्ध पडले आहे आणि रुग्णवाहिका फाटकाशी आली आहे, तिला आत सोडायचे की नाही? हार्ट यांना उत्तर देताना अमेरिकन विधितत्त्वज्ञ लॉन फुलर यांनी एक नामी पेच टाकला होता, तोही मी शेवटी टाकते: युद्धात वापरलेला लष्करी ट्रक स्मारक म्हणून चौथऱ्यावर उभा करायचा आहे, तो नियमाच्या विरुद्ध होईल का?

पहिली काही मिनिटे "नियम म्हणजे नियम" म्हणणाऱ्यांचा जोर असतो. रुग्णवाहिका आली की त्यांची पंचाईत होते. मग कोणी म्हणते, "माणुसकी म्हणून सोडायची." त्यावर मी विचारते, "माणुसकी कोणी ठरवायची? फाटकावरच्या रखवालदाराने?" एकदा मागच्या बाकावरची, तोपर्यंत गप्प बसलेली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, नियम कशासाठी केलाय ते आधी सांगा ना, त्याशिवाय कसं सांगणार?" न्यायाधीश जो प्रश्न स्वतःला विचारतात तो या मुलीने कोणी न शिकवता विचारला होता. मी सांगितले, समजा गोंगाट नको म्हणून नियम केला. तसे असेल तर सायकल आत येते आणि विजेवर चालणारी, आवाज न करणारी स्कूटरही आत येते. समजा लहान मुलांना धक्का लागू नये म्हणून नियम केला. मग स्कूटर बाहेर जाते आणि भरधाव सायकलीचाही फेरविचार करावा लागतो. उद्देश बदलला की तोच शब्द वेगळा अर्थ देऊ लागतो, हे मुलांना दिसते, आणि एकदा दिसले की ते पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

दुसऱ्या भागात वर्गाचे गट करून नियम नव्याने लिहायला सांगते. एका गटाने लिहायचे आणि दुसऱ्याने त्यात पळवाटा शोधायच्या. पळवाटा शोधण्याच्या कामात मुले विलक्षण हुशार असतात. 'इंधनावर चालणारी वाहने' असे लिहिले की विजेची गाडी निसटते. 'चाके असलेली सर्व साधने' असे लिहिले की बाबागाडी आणि माळ्याची ढकलगाडी अडकते. मग 'परंतु', 'याखेरीज', 'या नियमाच्या प्रयोजनार्थ' असे शब्द आपोआप येऊ लागतात आणि तीन ओळींचा नियम पानभर होतो. कायद्याची भाषा क्लिष्ट का असते हा प्रश्न मला त्यानंतर कोणी विचारत नाही. (ती विनाकारणही पुष्कळदा क्लिष्ट असते, हे मी त्यांना सांगते; व्यवसायबंधूंना वाईट वाटले तरी इलाज नाही.) शेवटी प्रश्न उरतो तो रखवालदाराचा. त्याने चुकीचा अर्थ लावला तर दाद कोणाकडे मागायची, आणि तोपर्यंत सायकल बाहेरच ठेवायची का? अपील आणि तात्पुरती स्थगिती या दोन्ही गोष्टी, त्यांची नावे न घेता, चाळीस मिनिटांत वर्गात येऊन जातात.

आता जरबेकडे वळू. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील रॉवे येथील तुरुंगात 1970 च्या दशकात असा उपक्रम सुरू झाला की जन्मठेपेचे कैदी वाट चुकलेल्या मुलांसमोर तुरुंगातील आयुष्याचे अंगावर येणारे वर्णन करीत, त्यांच्यावर ओरडत, त्यांना घाबरवत. कल्पना लोकांना फार आवडली, तिच्यावर माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळाले आणि ठिकठिकाणी तिची नक्कल झाली. पुढे अशा उपक्रमांच्या नऊ नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा अँथनी पेट्रोसिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. तेव्हा असे आढळले की तुरुंगभेटीला नेलेल्या मुलांच्या हातून, न नेलेल्या तशाच मुलांच्या तुलनेत, नंतर गुन्हे घडण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले होते. काहीच न करणे याहून चांगले ठरले असते, असा त्या आढाव्याचा अर्थ होतो. असे का व्हावे याबद्दल वेगवेगळे तर्क आहेत. मला स्वतःला वाटते की घाबरवलेल्या मुलाला आपण घाबरलो नाही हे दाखवायची निकड निर्माण होते, आणि ते दाखवण्याची संधी त्याला मित्रांच्या घोळक्यात लगेच मिळते.

याच्या उलट बाजूचाही पुरावा आहे, पण तो अटींसह आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कायदेविषयक शिक्षणाच्या वर्गांचे मोठे मूल्यमापन झाले. शिक्षण ठरलेल्या निकषांनुसार दिले गेले तेथे मुलांच्या वागण्यात चांगला फरक दिसला. निष्काळजीपणे दिले गेले तेथे त्याचा उपयोग झाला नाही. निकष साधेच होते. तासांची संख्या पुरेशी हवी आणि ते दर्जेदार हवेत, मुलांनी आपसांत चर्चा करायला हवी, बाहेरून येणारे वकील किंवा पोलीस अधिकारी पूर्वतयारीने आलेले हवेत, मुख्याध्यापकांचा सक्रिय सहभाग हवा, शिक्षकांना सहकाऱ्यांची साथ हवी. सहावा निकष मला सर्वांत मोलाचा वाटतो: उदाहरणादाखल घेतलेली प्रकरणे समतोल निवडलेली हवीत. यंत्रणा कशी नेहमी बरोबर असते एवढेच दाखवणारी प्रकरणे निवडली तर रस्त्यावर वेगळा अनुभव घेतलेला मुलगा मनातून वर्ग सोडून जातो. यंत्रणा कशी सडलेली आहे एवढेच दाखवले तर कायद्याकडे दाद मागण्यात अर्थ नाही, हा धडा तो घेऊन जातो. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे त्याने घरी ऐकलेलेच असते. त्यावर शिक्कामोर्तब करायला वकिलाने शाळेत जायची गरज नाही.

समतोल म्हणजे गुळमुळीतपणा मात्र नव्हे. मुलांच्या बाबतीत कायदा कसा चुकला आणि कसा सुधारला हे सांगायला मी जेरल्ड गॉल्टचे प्रकरण हमखास घेते. 1964 साली ॲरिझोना राज्यातील ग्लोब या गावी पंधरा वर्षांच्या जेरल्डला पोलिसांनी उचलले. त्याने आणि त्याच्या मित्राने फोनवरून अश्लील बोलल्याची तक्रार शेजारच्या बाईंनी केली होती. आईवडील कामावर होते; त्यांच्यासाठी साधी चिठ्ठीही ठेवली गेली नाही. सुनावणीला तक्रारदार बाई आल्या नाहीत, वकील दिला गेला नाही, कामकाजाची नोंद ठेवली गेली नाही. आणि न्यायाधीशांनी त्याला एकवीस वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त सहा वर्षे, सुधारगृहात पाठवले. हाच गुन्हा प्रौढ माणसाने केला असता तर 5 ते 50 डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती. हा आकडा ऐकला की वर्गात शांतता पसरते आणि मग एकदम गलका होतो.

1967 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला. आरोप काय आहे हे आधी कळणे, वकील मिळणे, साक्षीदाराची उलटतपासणी करता येणे आणि स्वतःविरुद्ध बोलण्याची सक्ती नसणे हे हक्क अशा कार्यवाहीत अल्पवयीनांनाही आहेत, असे न्यायालयाने सांगितले. मुले विचारतात, "पण त्याने फोन केला होता का?" उत्तम प्रश्न आहे. मी त्यांनाच उलट विचारते की ज्या सुनावणीत तक्रारदारच आली नाही त्या सुनावणीवरून हे कसे कळणार? दोषी आहे की नाही हे ठरवण्यासाठीच प्रक्रिया लागते, तेव्हा 'दोषी असेल तर प्रक्रिया कशाला' हा युक्तिवाद उलट्या पावलांनी चालतो, हे एखाद्या मुलाच्या तोंडून आले की त्या तासाचे काम झाले असे मी समजते.

येथून शाळेच्या कार्यालयापर्यंतचे अंतर फार नसते, आणि अडचण तेथेच येते. 1971 साली ओहायोतील कोलंबस शहरात शाळांमधील अशांततेच्या काळात पुष्कळ विद्यार्थ्यांना जास्तीत जास्त दहा दिवसांपर्यंत शाळेतून निलंबित करण्यात आले. त्यांपैकी ड्वाइट लोपेझचे म्हणणे असे होते की जेवणाच्या खोलीत मोडतोड झाली तेव्हा तो नुसता तेथे हजर होता. त्याला ते सांगण्याची संधी कधी मिळालीच नाही. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला की एवढ्या छोट्या निलंबनाआधीही विद्यार्थ्याला आरोप सांगितला पाहिजे, तो नाकारत असेल तर पुरावा काय आहे ते सांगितले पाहिजे आणि त्याची बाजू ऐकली पाहिजे. वकील, उलटतपासणी यांची गरज न्यायालयाने धरली नाही. दोन मिनिटांचे संभाषणसुद्धा पुरे. निकाल त्या देशाचा आहे, पण त्यातील दोन मिनिटांची अपेक्षा कोणत्याही शाळेला जड जाऊ नये.

तरीही ती जड जाते. एका शाळेत मी 'नैसर्गिक न्याय', म्हणजे दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय नाही हे तत्त्व, शिकवून वर्गाबाहेर पडले तेव्हा व्हरांड्यात अख्खा एक वर्ग उभा होता. कोणीतरी पंखा वाकवला होता, कोणी ते कबूल करत नव्हते, म्हणून सर्वांना शिक्षा. माझ्याच तासाला नुकतीच बसलेली दोन मुले खिडकीतून त्या रांगेकडे आणि मग माझ्याकडे पाहत होती. मी पर्यवेक्षकांशी बोलले, आणि त्यांचे उत्तर अगदी प्रामाणिक होते: "चौकशी करत बसलो तर शिकवायचे कधी?" त्यांची अडचण मला कळते. एवढ्या मुलांना एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाला मी बाहेरून येऊन शहाणपण शिकवणे सोपे आहे. पण त्या सकाळी मुलांना दोन तास मिळाले, एक फळ्यावरचा आणि एक व्हरांड्यातला, आणि दोन्हींत विसंगती असेल तर मुले कोणत्यावर विश्वास ठेवतात हे सांगायला नको.

यामागे अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी 1984 मध्ये शिकागोतील 1,575 रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या आणि लोक कायदा का पाळतात याचा शोध घेतला. पकडले जाण्याच्या भीतीपेक्षा कायद्याचा अधिकार आपल्याला मान्य आहे ही भावना जास्त वजनदार ठरली. आणि ती भावना मुख्यतः कशावर उभी राहते, तर आपल्याशी न्याय्य रीतीने वागले गेले, आपले ऐकून घेतले गेले, या अनुभवावर. निकाल आपल्या बाजूने लागला की नाही हे त्यामानाने दुय्यम. हे प्रौढांबद्दल खरे असेल तर ज्या मुलांचा 'सरकार'शी येणारा पहिला संबंध शाळेच्या कार्यालयातला असतो त्यांच्याबद्दल ते अधिकच खरे असणार, असे मला वाटते. म्हणून हल्ली मी शाळेशी बोलताना एक अट घालते: उपक्रम सुरू असेपर्यंत तरी शिस्तभंगाच्या कोणत्याही शिक्षेआधी मुलाची बाजू ऐकून तिची एका ओळीत नोंद करायची. काही शाळा होकार देतात. काही पुन्हा फोन करत नाहीत.

अभिरूप न्यायालयाबद्दल, म्हणजे मुलांनी वर्गात लुटूपुटूचा खटला चालवण्याबद्दल, थोडे लिहायला हवे, कारण शाळांना सर्वांत जास्त आकर्षण त्याचेच असते. काळा कोट, न्यायासन, "ऑर्डर, ऑर्डर" हे सगळे छायाचित्रात छान दिसते. त्यातून शिकण्यासारखे खरोखर पुष्कळ आहे, पण ते बहुधा कोटवाल्या दोन बोलघेवड्या मुलांपेक्षा साक्षीदार झालेल्या मुलांना आणि निकाल लिहिणाऱ्यांना मिळते. आपण पाहिले ते आणि आपण नंतर ऐकले ते यांत फरक आहे, हे उलटतपासणीत कोंडीत सापडल्याशिवाय नीट कळत नाही. निकाल मी तोंडी देऊ देत नाही. लेखी, कारणांसह, आणि हरलेल्या बाजूच्या सर्वांत बळकट मुद्द्याला उत्तर देऊनच द्यायचा. मुलांना हे काम अवघड वाटते आणि ते अवघड आहेच. दुसऱ्या फेरीत बाजू बदलायच्या, म्हणजे काल फिर्यादीच्या वतीने तावातावाने बोललेल्या मुलीने आज आरोपीचा बचाव करायचा. स्पर्धा आणि चषक आले की बाजू बदलण्याचा हा भाग पहिल्यांदा गळून पडतो, म्हणून स्पर्धांबद्दल मला फारसा उत्साह नाही.

काही ठिकाणी याच्या पुढचे पाऊल टाकले गेले आहे. टेक्सासमधील ओडेसा येथे 1983 मध्ये सुरू झालेल्या किशोर न्यायालयाचा नमुना नंतर पुष्कळांनी उचलला. किरकोळ गुन्हा कबूल केलेल्या मुलाबाबत त्याच्याच वयाची मुले खऱ्याखुऱ्या जबाबदारीने ठरवतात की त्याने नुकसानभरपाई कशी करावी, माफीपत्र लिहावे की समाजोपयोगी काम करावे, आणि पुढे त्यालाही दुसऱ्याच्या प्रकरणात ज्यूरीत, म्हणजे निर्णय देणाऱ्या पंचांत, बसवतात. हा शेवटचा भाग मला फार आवडतो. मात्र मुले मुलांबाबत प्रौढांपेक्षा कठोर होऊ शकतात, तेव्हा शिक्षेची कमाल मर्यादा प्रौढांनीच आखून दिलेली बरी.

आणखी एक प्रश्न टाळता येत नाही: कायदाच अन्याय्य असेल तर काय शिकवायचे? दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट असताना, 1980 च्या दशकाच्या मध्यात, डर्बनच्या नाताळ विद्यापीठातील डेव्हिड मॅक्वॉइड-मेसन यांनी 'स्ट्रीट लॉ' तेथे नेला. ज्या देशात कृष्णवर्णीय माणसाला स्वतःच्याच शहरात फिरण्यासाठी परवान्याचे पुस्तक बाळगावे लागत होते तेथे 'कायदा पाळा' हा संदेश घेऊन कोणत्या तोंडाने वर्गात जायचे? तेव्हा आजचा कायदा काय आहे, माणूस म्हणून तुमचे हक्क काय असायला हवेत, आणि या दोहोंतले अंतर किती आहे, असे तीन वेगळे प्रश्न करूनच शिकवणे भाग होते. मला वाटते, हे तीन प्रश्न कोणत्याही देशातील वर्गात वेगळे ठेवले पाहिजेत, कारण अंतर कोठेच शून्य नसते.

फक्त तेथे शिकवणाऱ्याने आपले मत मुलांच्या गळी उतरवण्याचा मोह आवरायला हवा. जर्मनीतील शिक्षकांनी 1976 मध्ये बॉयटेल्सबाख येथे यासाठी काही तत्त्वे मान्य केली होती: विद्यार्थ्यांवर मत लादायचे नाही, समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचे, आणि स्वतःचे हित कशात आहे हे ताडून पाहण्याची क्षमता विद्यार्थ्यात यावी असे शिकवायचे. फाशीच्या शिक्षेवरील चर्चेत मुले मला माझे मत विचारतात. तास संपल्यावर विचारले तर सांगते, आधी नाही.

शेवटी एका व्यावहारिक गोष्टीकडे लक्ष वेधते, कारण उपक्रमांच्या आराखड्यात तिचा उल्लेख क्वचितच सापडतो. तास संपला की एखादे मूल रेंगाळते. दप्तर भरायला त्याला फार वेळ लागतो, आणि बाकीचे गेले की ते म्हणते, "माझ्या एका मैत्रिणीला विचारायचं होतं..." ती मैत्रीण बहुधा नसते. घरात होणारी मारहाण, कोणी पाठवायला लावलेले छायाचित्र, जमवले जाणारे लग्न, असे काहीही त्या वाक्यामागे असू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातील कलम 42 नुसार मुलांचे हक्क मुलांपर्यंत आणि मोठ्यांपर्यंत पोहोचवणे हे राष्ट्रांचे कर्तव्य आहे. पण हक्क कळलेल्या मुलाने तो वापरायला घेतला की त्या क्षणी समोर तयारीचा माणूस हवा.

"कोणाला सांगणार नाही" असे वचन अशा वेळी कधीही द्यायचे नाही, कारण ते बहुतेकदा मोडावे लागते. मुलाला संशयिताची झाडाझडती घ्यावी तसे प्रश्न विचारायचे नाहीत, त्याने सांगितले तेवढे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचे, आणि पुढे कोणाला व का सांगणार हे त्याला आधी सांगायचे. शाळेतील जबाबदार व्यक्ती कोण, बालसंरक्षणाची यंत्रणा कोणती, तिचा दूरध्वनी क्रमांक काय, आणि तक्रार शाळेतीलच कोणाविरुद्ध असेल तर पर्यायी मार्ग कोणता, हे सगळे पहिल्या तासाच्या आधी कागदावर ठरलेले असावे. नव्या स्वयंसेवकांना मी शिकवण्याच्या पद्धतीआधी हा कागद देते. तो भरून घेतल्याशिवाय त्यांना वर्गात पाठवत नाही, आणि शाळेने तो भरायला टाळाटाळ केली तर त्या शाळेचा उपक्रम पुढे ढकलते.